भिंगरीला विचारा

घरात सगळे तिला भिंगरी म्हणत. नऊ वर्षांची झाली तरी तिला चालता येत नव्हतं, बोलता येत नव्हतं, चाकाच्या खुर्चीत मान टेकायलाही उशी लागायची. पण डोळे मात्र घरभर भिरभिरत. ‘हो’ म्हणायचं तर ती वर बघे, ‘नाही’ म्हणायचं तर डोळे गच्च मिटे. एवढ्यावर घरात छान भागत होतं.

शाळेचं मात्र कुठे जमेना. एका शाळेने “आधी तिला नीट बसायला शिकवा, मग आणा” म्हणून वाटेला लावलं. दुसरी चकाचक होती, उतार, लिफ्ट, सगळं होतं. पण वर्गात चार मुलं टीव्हीसमोर ओळीने लावून ठेवलेली. भिंगरीचे बाबा बेकरीत भट्टीवर कामाला होते. बाहेर आल्यावर ते म्हणाले, “पावाचे ट्रेसुद्धा मी मधूनमधून फिरवतो गं.”

तिसरी शाळा एका बैठ्या घरात होती. आत मुलं डबे बडवत होती. तिथल्या बाई भिंगरीसमोर फरशीवर फतकल मारून बसल्या.

“इथे यायचं का तुला?”

आईने सवयीने तोंड उघडलं, “तिला ना, नव्या जागेत...”

“थांबा हो ताई, मी तिला विचारलंय.”

सगळे थांबले. भिंगरीने डोळे गच्च मिटले.

“नाही म्हणतेय ती,” आई पुटपुटली. तिचा चेहरा पडला. बाबांनी खुर्ची वळवायला हात घातला, पण बाई जागच्या हलल्या नाहीत.

“बरं. आवाज फार होतोय का?”

भिंगरीने वर पाहिलं.

“मग मागच्या खोलीत जाऊन बघू या?”

पुन्हा वर.

मागे शांत होतं. एक मुलगा कोपरापर्यंत हात ओल्या मातीत घालून बसला होता. बाईंनी भिंगरीचा हात मातीवर टेकवला. सदा आवळलेली तिची मूठ हळूहळू उलगडली.

पुढच्याच आठवड्यात शाळा सुरू झाली. बाईंची एकच अट होती, आईने फाटकापासून माघारी फिरायचं. “तिचं बोलणं आम्हाला शिकायचंय. तुम्ही असलात की आम्ही तुम्हालाच विचारत बसू.” पहिल्या दिवशी आई घरी आली आणि काय करावं सुचेना, म्हणून तिने घासलेली भांडी पुन्हा घासली.

महिन्याभराने शाळेचा फोन आला. फोन ठेवल्यावर आईने रात्रपाळी करून झोपलेल्या बाबांना हलवलं.

“अहो, उठा! शाळेतून तक्रार आलीय.”

“कुणाची?”

“आपल्या भिंगरीची! त्या मुलाने तिची माती ओढली, तर ही त्याच्या हाताला चावली.”

बाबा ताडकन उठून बसले. “जोरात?”

“अहो!”

दोघांना हसू आवरेना, आणि हसता हसता आईचे डोळे भरून आले.

शाळा सुटताना तिने त्या मुलाच्या आईला गाठलं आणि माफी मागितली.

“माफी कसली मागताय?” ती म्हणाली. “आमच्या ह्याच्याशी आजवर कुणी भांडलंच नव्हतं.”

दोघी बराच वेळ फाटकाशी बोलत उभ्या राहिल्या.