धोंडूबाबांचा तिसरा डोळा

जोगेश्वरीतल्या चाळीचा हॉल भर दुपारी गच्च भरला होता. स्टेजवर धोंडूबाबा ऋतिकावर मोबाईल रोखून उभे होते. मोबाईलमधलं चित्र मागच्या पडद्यावर दिसत होतं; तिथे खुर्चीत बसलेल्या ऋतिकाच्या डोक्यातून काळा धूर निघत होता. मधूनच धुरात एक कवटी जबडा वासायची.

"हा तिसरा डोळा आहे!" बाबा गरजले. "हडळ बसलीय पोरीत! गोळ्यांनी कधी हडळ गेलीय?"

लोकांनी भक्तिभावाने हात जोडले. ऋतिकाची आई वनमाला पदरात तोंड खुपसून रडत होती. पोरीला येणाऱ्या फिट्स गोळ्यांनी आटोक्यात होत्या. बाबांच्या सांगण्यावरून तिने गोळ्या थांबवल्या आणि पोर पुन्हा पडायला लागली.

मागे उभी असलेली श्वेता ऋतिकाची मावसबहीण. अंधेरीच्या एका स्टुडिओत ती स्वस्तातल्या भुताच्या सिनेमांसाठी कम्प्युटरवर भुतं बनवायची. वर पंखा गरगरत होता, पण पडद्यावरचा धूर वाऱ्याने हलत नव्हता. ऋतिकाने मान वळवली की तो क्षणभर मागे राहायचा, मग धावत येऊन डोक्याला चिकटायचा. इतकं भिकार काम तर तिच्या कंजूष निर्मात्यानेही परत पाठवलं असतं! तिला हसू येणार होतं, पण मावशीचे हुंदके ऐकून डोकंच फिरलं.

ती तरातरा स्टेजवर चढली. "बाबा, तो डोळा जरा इकडे द्या ना."

"हात लावशील तर भस्म होशील!"

"बघू या तर!" तिने मोबाईल हिसकावला आणि स्टेजवर लावलेल्या बाबांच्याच फ्लेक्सवर रोखला. पडद्यावर, आशीर्वाद देणाऱ्या छापील बाबांच्या डोक्यातून भसाभसा धूर निघाला. कवटीने जबडा वासला.

"अरे, फ्लेक्सला पण हडळ लागली काय?" कोणीतरी ओरडलं. हॉल खदखदून हसला.

"फिल्टर आहे हा," श्वेता म्हणाली. "कॅमेऱ्यासमोर तोंड आलं की त्यावर धूर चिकटवतो. तोंड जिवंत की छापील, त्याला काय कळतंय!"

"नास्तिकांसमोर सिद्धी चालत नाही," असं पुटपुटत बाबा मागच्या दाराने सटकले. तिथेही दोन भक्त त्यांच्या पाया पडलेच.

वनमाला कशीबशी उठली आणि तिने मालवणीत कारण विचारलं, "मगे तिका फिट कित्याक येता गो?"

"मेंदूचा आजार आहे, मावशी. डॉक्टरांना विचार."

ऋतिकाला घेऊन तशाच त्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी वनमालाला चांगलंच झापलं आणि गोळ्या पुन्हा सुरू केल्या.

तेव्हा पडद्यावर कोणी भूत दाखवलं तर हात जोडू नका. कसं दाखवलंस, ते विचारा. आणि आजारी माणसाला दवाखान्यात न्या.