केसरीनाथांच्या सदऱ्यातला वास

मित्रांनो, मी राहनाळ गावचा एक जुना भुंग्यांचा सापळा आहे. दिसायला साधी लाल बादली. वर झाकण, तळाशी पाणी आणि मध्ये टांगलेली गंधाची पुडी. गेंड्या भुंग्याचा नर जो वास सोडून इतरांना बोलावतो, तोच वास कारखान्यात बनवून या पुडीत भरतात. दिवस मावळला की मी बोलावतो, भुंगे येतात आणि बुडतात. खोट्या हाका मारायचा हा धंदा, पण त्याने माड वाचतात.

भुंगे माडांकडे ओढले जाऊ नयेत म्हणून माझ्या मालकांनी, केसरीनाथांनी, मला माडांपासून लांब, बांधावरच्या खांबाला टांगलं. गावभर उठलेल्या गोदामांच्या भिंतींमध्ये त्यांचे तीनच माड उरले होते आणि त्यांवर त्यांचा फार जीव. "ह्यो माझा राखनदार हाय," असं ते पाहुण्यांना सांगत, तेव्हा मी फुगून जायचो. गेल्या हिवाळ्यात ते अचानक वारले. माझी पुडी सुकली. माझ्याकडे कुणी फिरकलं नाही.

मग भुंगे त्यांच्या घरात शिरू लागले. दिवेलागणीला खिडकीतून यायचे आणि खुंटीवरच्या केसरीनाथांच्या सदऱ्यावर बसायचे. त्यांची बायको आक्का सुनेला म्हणाली, "भावना, मारू नको. तेच हायेत." आक्का त्या भुंग्यांशी बोलू लागली. मला धस्स झालं, कारण घरातून येणारा तो वास मी बांधावरून ओळखला होता. पण सांगणार कसं? इकडे खिडकीजवळच्या माडाचा कोवळा कोंब भुंग्यांनी पोखरायला घेतला.

तो माड मान टाकू लागला, तेव्हा भावनाने सदऱ्याचा खिसा चाचपला. आत पुडी होती, तोंड कापून तयार ठेवलेली, लावायची राहून गेलेली.

"आये, बाबा न्हाय येत," ती हळूच म्हणाली. "ह्या वासाला भुंगं येतात."

आक्काने पुडी हातात घेतली.

"माडांसाठीच आनली असंल त्यांनी," ती म्हणाली. मग बांधावर आली आणि रडत रडत तिने स्वतःच ती माझ्यात टांगली.

माड आता नवा कोंब धरतोय. मित्रांनो, सापळा लावलात तर पुडी वेळेवर बदला, आणि उघडी पुडी घरात ठेवू नका. भुंगे वासालाच येतात, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? तरी आक्का अजून संध्याकाळी खिडकी उघडी ठेवते. अशा वेळी एखादा भुंगा माझ्या पाण्यात धडपडू लागला की माझा जीव घाबरा होतो. हे तेच तर नसतील? आणि त्याला बाहेर काढायला मला हात नाहीत.