पहिल्या मजल्यावरची जमीन

आकडा मोठा आला की सगळे भिंग घेऊन बसतात, लहान आला की पाठ थोपटून घरी जातात. इमारतींचे आराखडे तपासणाऱ्या त्या ऑफिसात तिला चाळणी म्हणत, कारण तिच्या हातून खडा सुटत नसे. आज तिच्यापुढे दवाखान्याची इमारत होती : वर चार मजले, खाली गाड्यांसाठी नुसत्या खांबांवर मोकळी जागा. संगणकात इमारतीला जबर भूकंप देऊन झाला होता आणि छप्पर हललं होतं फक्त नऊ मिलिमीटर.

"नऊ? माझा नवरा शिंकला तरी घर याहून जास्त हलतं," ती म्हणाली.

"चांगलं आलंय ना पोरी, मग सही कर," काका म्हणाले. ऑफिस त्यांचं. तिच्या वडिलांचे जुने दोस्त, तिला हात धरून हे काम शिकवणारे. "चांगल्या आकड्याला दृष्ट लावू नये."

तिने एकके तपासली. मजल्यांची वजनं तपासली. भूकंपाची नोंद कुणी निम्मी तर केली नाही ना, तेही पाहिलं. सगळं जागच्या जागी. मग तिने हालचाल शंभरपट मोठी करून पडद्यावर चालवली.

वरचे मजले डुलले, पिकात वारा शिरावा तसे. खालचे खांब मात्र ढिम्म. वर वादळ, खाली पान हलेना. पहिल्या मजल्याचा आकडा तिने उघडला : शून्य. दशांशानंतरही शून्यच शून्य.

तिने तो मजला जवळ ओढला. चोवीस खांब, आणि प्रत्येकाच्या माथ्याशी एक हिरवा त्रिकोण. खरं तर पायाशी लावायचा आधार : इथे जमीन आहे, हे हलणार नाही, असं संगणकाला सांगणारी खूण. कुणीतरी जमीनच उचलून पहिल्या मजल्यावर नेऊन ठेवली होती.

तिने एकेक त्रिकोण पुसला आणि भूकंप पुन्हा दिला. एकशे बासष्ट. जवळजवळ सगळी हालचाल त्या मोकळ्या तळमजल्यात.

"हे कुणी केलं, काका?"

काका बशीत सांडलेला चहा ओठ लावून ओढत होते. "मीच. खाली भिंती घाला म्हटलं तर दवाखान्यावाले गाड्या कुठे लावायच्या म्हणतात. आकडा नियमात बसेना, बसवला."

चहाचा तो भुरका तिच्या कानात चिकटला. लहानपणी याच हातांनी तिला काड्यापेट्यांचं घर बांधून दिलं होतं. आता त्या बोटांकडे बघवेना.

"पेशंट खाटेवर असतील. पळतासुद्धा येणार नाही त्यांना."

"भूकंप काय रोज येतो? आणि आधी आपण केलेली शाळा, तीही अशीच खांबांवर, उभीच आहे की."

"शाळेलाही?"

काकांनी बशी खाली ठेवली.

शाळेच्या कागदावर सही तिची होती. तिने जुनी फाइल उघडली. तेव्हा छप्पर हललं होतं सात मिलिमीटर, आणि वरचा आकडा पाहून तीच खूश झाली होती. खाली तिने पाहिलंच नव्हतं. तळमजल्याच्या खांबांच्या माथ्यांवरून सगळे त्रिकोण तिच्याकडे टकाटका बघत होते. काकांची किळस येत होतीच, आता स्वतःच्या हाताचीही आली. तिने फोन उचलला.

"कुणाला फोन लावतेस? तुझाही परवाना जाईल, पोरी."

"जाऊ दे."

पलीकडे शाळेच्या बाई होत्या.

"बाई, तुमच्या इमारतीवर मी सही केली होती. ती चुकीची आहे. तळमजल्यावर आत्ता कोण आहे?"

"मुलं. सावलीला डबा खायला बसलीत."

"त्यांना वर्गात—" ती थांबली. वर्ग त्याच खांबांवर होते. "मैदानात न्या. सगळ्यांनाच. मी निघालेय."