सांगता येत नाही

१९८३च्या उन्हाळ्यात वर्धा जिल्ह्यातल्या जामजवळच्या एका खेड्याचं तळं हिरवंगार झालं. वर शेवाळाची जाड साय, काठाला मेलेले मासे. पाणी समितीनं आठवड्याच्या आत दोष कुणाचा ते ठरवून टाकलं. तळ्याकाठी भाजीपाला पिकवणाऱ्या घरांचं शेणखत वाहून येतं, म्हणून त्यांच्या पाणी उपसायच्या इंजिनांना तळ्यावर बंदी. तळ्यात येणाऱ्या नाल्याच्या वरच्या अंगाला सुपर फॉस्फेट खताचं गोदाम होतं. फाटक्या पोत्यांतली भुकटी प्रत्येक पावसात नाल्यात उतरायची. पण गोदाम समितीचे अध्यक्ष प्रभाकरराव यांच्या भावाचं होतं.

गावात कुरकुर वाढली तेव्हा समितीनं कोकिळा ढोले हिला बोलावलं. ती वर्ध्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. माहेर वडनेरचं, घर शेतकऱ्याचं. शेवाळ फॉस्फेटवर माजतं, आणि ते शेणखतातही असतं, गोदामातल्या खतातही. त्या फॉस्फेटमधला ऑक्सिजन हा तिच्या संशोधनाचा विषय होता. ऑक्सिजनचे काही अणू हलके असतात, काही जरा जड. दोहोंचं प्रमाण मोजलं की फॉस्फेट खाणीच्या दगडापासून केलेल्या खतातून आलं की जनावराच्या पोटातून, याचा माग लागू शकतो.

तळ्याचं पाणी कॅनमध्ये भरून तिनं एसटीनं नेलं. कॅन थांब्यापर्यंत आनंदाबाईनं आणून दिले. आनंदाबाईचे वांग्याचे आणि सांबाराचे, म्हणजे कोथिंबिरीचे, वाफे तळ्याला लागूनच होते.

"यातून निघन ना बाई, कोनाचं पाप हाय ते?" तिनं विचारलं.

"निघालं तर सांगीन," कोकिळा म्हणाली.

कॅनभर पाण्यातलं फॉस्फेट वेगळं काढायचं, धुवायचं, विरघळवायचं, पुन्हा खाली बसवायचं, तेव्हा कुठं चिमूटभर पांढरी भुकटी हाती यायची. ती मोजायचं यंत्र परराज्यात. तिथं नंबर लागेपर्यंत दिवाळी उलटली. आकडे आले, पण त्यांतून माग लागेना. तळ्यातल्या बारीक जिवांनी ते फॉस्फेट इतक्यांदा खाल्लं आणि टाकलं होतं, की त्यातला मूळचा ऑक्सिजन जाऊन तळ्याच्या पाण्यातलाच बसला होता. शेणाचं असो की दगडाचं, तळ्यात पडल्यावर सगळं सारखंच झालं होतं.

तिनं समितीला तसंच सांगितलं, "तळ्याच्या पाण्यावरून काहीच सांगता येत नाही. नाल्याची माती तपासावी लागेल."

प्रभाकररावांनी गावाला यातलं अर्धंच सांगितलं. "तपासणी झाली. गोदामाचा दोष निघाला नाई. बंदी कायम."

दुसऱ्याच दिवशी आनंदाबाई वर्ध्याला कॉलेजच्या प्रयोगशाळेत येऊन उभी राहिली. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"तुमी आमच्यावरच शेकवलं बाई. काऊन?"

"मी तसं म्हटलंच नाही, आनंदाबाई."

"मंग तुमच्या नावानं तो काऊन सांगून राह्यला? माह्या वाफ्याईत तन माजलं. गाव मले म्हन्ते, तू मासे मारले."

त्याच दुपारच्या गाडीनं कोकिळा आनंदाबाईबरोबर निघाली आणि थेट प्रभाकररावांच्या ओसरीवर गेली.

"दोष निघाला नाही असं मी कधी म्हटलं?"

"सांगता येत नाई म्हणजे तेच झालं ना, मॅडम?"

"मग शेणखताचाही निघाला नाही. त्यांची बंदी कशी काय कायम राहते?"

प्रभाकररावांनी पानाचा डबा बंद केला. "तुम्ही शिकवायचं काम करा. गाव आम्ही पाहतो."

"नाल्याची माती नेणार आहे मी."

"नाला सरकारी आहे."

"म्हणूनच तुम्हाला विचारत नाही," ती म्हणाली आणि ओसरी उतरली.

नाला कोरडा पडला होता. गोदामाच्या वरची माती, गोदामाखालची, तिथून तळ्याच्या तोंडापर्यंत टप्प्याटप्प्यावरची, आनंदाबाईच्या उकिरड्याखालची, आणि पोत्यातून सांडलेली भुकटी, असं सगळं तिनं वेगवेगळं बांधलं. गोदामाचा चौकीदार आडवा आला तेव्हा आनंदाबाई नाल्यातच बसली. म्हणाली, "उचल मले." तो मागं फिरला.

या वेळी माग लागला. कोरड्या मातीत जिवांना फार फेरफार करायला सवडच मिळाली नव्हती. गोदामाखालपासून तळ्याच्या तोंडापर्यंतची माती पोत्यातल्या भुकटीशी जुळली. गोदामाच्या वरची जुळली नाही. उकिरड्याखालची तर साफ वेगळी निघाली.

कोकिळानं हे तहसीलदारांपुढं मांडलं, मग शाळेच्या पटांगणात गावापुढं, आणि या खेपेला स्वतःच्या तोंडानं, पूर्ण. बंदी उठली. गोदामाला नाल्याच्या बाजूनं भिंत घालायचा हुकूम झाला. दंड झाला नाही, माफीही कोणी मागितली नाही. उलट प्रभाकरराव उठून म्हणाले, "समितीनं न्याय केला. आनंदाबाई, समितीचे आभार माना."

आनंदाबाई जागेवरूनच बोलली. "आभार कायचे? चोर म्हनून आमाले हिंडवलं, आन आता सोडलं तर हात जोडू? माह्या तोंडानं नाई निघत थे."

ती निघाली, तशा भाजीपाला पिकवणाऱ्या घरांतल्या बाया उठल्या आणि तिच्या मागोमाग चालू लागल्या. कोकिळा तेवढी उभी होती.

"नाल्यातली ती माती कोण काढणार?" तिनं विचारलं.

"पाहू," प्रभाकरराव म्हणाले.

ती माती कोणीच काढली नाही. भिंत झाली, तरी त्या मातीतलं फॉस्फेट पावसात तळ्यात उतरत राहिलं आणि पुढचे दोन उन्हाळे तळं हिरवं झालं. दोन्ही वेळा कोकिळा बाटल्या घेऊन आपल्या खर्चानं आली. समितीनं तिला पुन्हा बोलावलं नाही.