न दिसणारा सांधा

म्हाताऱ्या गवंड्याने बोटाच्या पेराने भिंत ठोकली, कान लावला, वीतभर सरकला आणि पुन्हा ठोकली. घरपट्टीचा तपासनीस अर्ज हातात घेऊन दारातच उभा होता.

"आजोबा, तडा होता कुठे?"

"इथंच. छतापासून खालपर्यंत. हात जायचा आत."

तडे गेलेलं घर पक्कं करून घेणाऱ्याला दहा वर्षं निम्मी घरपट्टी, असा नियम होता. पण दुरुस्ती डोळ्यांना दिसायला हवी. तड्याचा आधीचा फोटो कोण काढून ठेवतो? सामान मुलाने कामावरचं उरलंसुरलं आणलेलं, त्यामुळे पावत्यांच्या नावानेही बोंब. सवलत नाही मिळाली तर घर विकावं लागणार, हे स्वयंपाकघराच्या दारात उभ्या सुनेला पक्कं ठाऊक होतं.

"जुन्या-नव्या गिलाव्याचा सांधा दाखवा, लगेच मंजूर लिहितो," तपासनीस म्हणाला. माणूस वाईट नव्हता.

"सांधा दिसणारच," म्हातारा हसला. "माझ्या पोराचं काम ते. सांगून सांगून दमलो, बाबा रे, तुझा सांधा आंधळ्यालाही दिसतो."

ही भिंत पोराने सुटीच्या दिवशी एकट्याने केली होती. बाप रुसून बाहेर पायरीवर बसला होता. बघायला आत आलाच नाही. आठवडाभरात पोरगा परांचीवरून पडून गेला. त्यानंतर या भिंतीकडे नीट बघायचा म्हाताऱ्याला धीरच झाला नव्हता.

त्याने दिवा तिरका धरला, तळहात फिरवला, ओळंबा सोडला. गाल भिंतीला टेकवून वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग तसाच टेकून राहिला.

"बाबा, थोडं फोडू या," सून म्हणाली. "तड्यात घातलेली सळई दिसेल त्यांना."

पोराच्या पिशवीतली छिन्नी तिने आणून दिली. म्हाताऱ्याने टोक भिंतीला लावलं. पन्नास वर्षांत किती भिंती फोडल्या असतील, पण आज हात चालेना. छिन्नी त्याने जमिनीवर ठेवली.

"साहेब, लिहा. सांधा दिसत नाही."

"अर्ज नामंजूर होईल, आजोबा."

"होऊ दे. काम कुणी केलं तेही लिहा. आणि एकदा मोठ्याने वाचून दाखवा."

तपासनिसाने सुनेकडे पाहिलं. तिने छिन्नी उचलली, पुसली आणि पिशवीत परत ठेवली.