बंकटच्या गॅरेजातला कण्हणारा पंप

मी एक जुना पंप आहे. थांबा, लगेच विहीर आणि पाण्याची धार डोळ्यांपुढे आणू नका. आमच्या बीडकडे पंप म्हटला की माणसं आधी विचारतात, "किती एचपीचा?" मी तसला नव्हे. मी गाडीतला स्टीअरिंगचा पंप. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरायचं, तेल दाबून पुढे ढकलायचं आणि चालवणाऱ्याच्या हाताला स्टीअरिंग हलकं करून द्यायचं, हे माझं काम. आकाराने नारळाएवढा. पण मित्रांनो, नारळाएवढ्या जिवात लाज मात्र पोतंभर मावते, हे मी अनुभवाने सांगतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते विचारू नका. अंगावरचा नंबर कधीच झिजून गेला. मला आठवतं ते गेवराईजवळचं हायवेवरचं भंगाराचं दुकान. एका चेपलेल्या मोटारीतून मला काढलं आणि फुटक्या बॅटऱ्यांच्या ढिगात भिरकावलं. ऊन, धूळ, वाळू वाहणाऱ्या हायवा ट्रकांचा धडधडाट. एक कुत्रं रोज यायचं आणि नेमका माझ्यावरच पाय वर करायचं. आपल्याला हलता येत नाही, हाड् म्हणता येत नाही. असली लाज वैऱ्यालाही नको!

तिथून मला उचललं बंकट मिस्त्रीने. त्याने माझा दांडा बोटांनी फिरवला, कानाशी धरला आणि भंगारवाल्याला म्हणाला, "आजून जीव हाय बे ह्याच्यात." इतक्या दिवसांत माझ्याविषयी कुणी बरं बोललं ते हे पहिलंच.

बंकटचं गॅरेज बीडला नगर रोडवर आहे. तिथे तेव्हा एक विचित्र गाडी तयार होत होती. छप्पर नाही, दारं नाहीत, नुसता पाइपांचा पिंजरा आणि त्याला जाडजूड दातेरी चाकं. माळरानावर, दगडगोट्यांतून, ओढ्यानाल्यांतून पळवायची ही बग्गी. बग्गीचं नाव ऐकून शेजारचा पंक्चरवाला विचारून गेला, "वरात कुणाची हाय?" बंकटने त्याला नुसता पाना दाखवला.

गाडी चालवणार होती शिवकन्या. बंकटच्या थोरल्या बहिणीची, विमलबाईंची मुलगी. लहानपणी आईबाप तिला घेऊन ऊसतोडीला गेले होते, तेव्हा ती उसाने भरलेल्या ट्रॉलीवरून पडली. तेव्हापासून तिचा डावा हात अर्ध्याच ताकदीचा. पाना धरतो, पण जोर लावायची वेळ आली की थरथरतो. मामाच्या गॅरेजात ती सगळं काम करायची. दुरुस्त झालेली गाडी रस्त्यावर फिरवून तिचा दोष ओळखायचीही तीच. पण गिऱ्हाईक समोर असलं की म्हणणार, "तिला नको, दुसरं कुणी बसवा." ती गुपचूप उतरायची आणि किल्ली दुसऱ्याच्या हातात द्यायची. बीडलगतच्या पालीच्या माळावर अशा गाड्यांची शर्यत भरणार आहे असं कळलं आणि तिने एकदाच सांगितलं, "मामा, मला तिथं चालवायचीय. समद्यांच्या म्होरं." बंकट तिला नाही म्हणू शकला नाही.

दगडात चाक अडकलं की साधं स्टीअरिंग धडधाकट माणसाचेही खांदे उतरवतं. शिवकन्येच्या हाताला ते पेलणं शक्यच नव्हतं. म्हणून मी हवा होतो.

गाडीचं इंजिन माझ्या आधीच आलं होतं. आष्टीच्या बाजाराला माणसं आणि शेळ्या एकाच भाड्यात वाहणाऱ्या जुन्या जीपचं ते. त्याची काय बडदास्त! पार खोलून डिझेलने धुतलं, नव्या रिंगा घातल्या. व्हॉल्व्ह घासून नीट बसवायला शिवकन्या ताक घुसळावं तशी दोन्ही तळव्यांत काठी फिरवत बसायची. डावा हात दमला की थांबायची, बोटं झटकायची, पुन्हा सुरू. इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा अख्ख्या नगर रोडला पेढे वाटले. मला कुणी रेवडीही दाखवली नाही.

माझं काम सगळं बेतून करावं लागलं. मी मूळचा गुळगुळीत रस्त्यावरचा, जोरात पळणाऱ्या मोटारीचा. दगडात गाडी गोगलगाईसारखी चालते, आणि नेमका तेव्हाच जास्त जोर लागतो. म्हणून बंकटने लेथवर माझ्यासाठी छोटी पुली कातून आणली, म्हणजे इंजिन हळू चाललं तरी मी भराभर फिरावं. मला बसवायला मोडक्या ट्रॉलीच्या जाड पत्र्याची पट्टी कापली. तेलाला टाकी म्हणून स्टीलचा डबा जोडला. गेवराईला जेसीबीचे पाइप बनवतात, तिथून माझे पाइप टोकं दाबून तयार करून आणले. आणि हे सगळं बरोबर झालं की नाही हे ठरवायला मीटर नव्हता. शिवकन्येचा डावा हात होता. "एकल्या डाव्यानं फिरीव," बंकट म्हणायचा. ती फिरवायची. "जड हाय मामा." मग मी पुन्हा खाली, पुन्हा लेथ, पुन्हा वर. शेवटी एकदा तिने जड म्हटलं नाही. नुसती इकडून तिकडे, तिकडून इकडे स्टीअरिंग फिरवत राहिली आणि हसत राहिली.

पण माझी एक खोड काही गेली नाही. मी कण्हतो. डब्यात तेल कमी पडलं किंवा तेलात हवा राहिली की माझ्यातून कुंऽऽई असा आवाज निघतो, थेट थंडीत कुडकुडणाऱ्या पिल्लासारखा. गाडी बघायला पाव्हणे यायचे, इंजिन ढेकर दिल्यासारखं गुरगुरायचं, आणि मी मध्येच कुंऽऽई. "आतमंदी मांजर घातलंय का काय बंकट?" पाव्हणे विचारायचे. मला तर तोंड लपवायला जागा नसायची.

शर्यतीच्या आदल्या दिवशी चाचणी होती. माळावर दगड, खड्डे आणि चढ असलेला एक फेरा आखला होता. कडेने खुंट्या आणि दोरी. एकाही खुंटीला धक्का न लावता जो फेरा पुरा करील, त्यालाच दुसऱ्या दिवशी शर्यतीत उतरता येणार. पंच होते कल्याणआप्पा. बीडमध्ये त्यांचं टायरचं दुकान, आणि या खेळाचा भारी नाद. शिवकन्येचा हात बघून ते आधीच कां-कू करत होते. बंकट त्यांच्या टेबलाशी जाऊन म्हणाला, "आप्पा, एक डाव बगा तर खरं. मग बोला."

बंकट तिकडे होता, शिवकन्या हेल्मेटचा पट्टा लावत होती, तेवढ्यात विमलबाई आल्या. मुलगी ट्रॉलीवरून पडली ती नजर लागूनच, असं त्यांनी पक्कं मनात धरलेलं. तेव्हापासून घराच्या दाराला, सायकलीला, अगदी शिवणयंत्रालासुद्धा त्यांनी लिंबू-मिरची बांधलेली. आजही त्या काळ्या दोऱ्यात लिंबू, मिरच्या आणि बिब्बा ओवून घेऊन आल्या होत्या. त्यांनी इंजिनाला हात लावून पाहिला. तापलेलं. मग मला लावला. "ह्ये गार हाय. हितं लिंबू सुकायचं न्हाई," असं पुटपुटत त्यांनी तो दोरा माझ्या पट्टीला बांधला आणि माझ्यावर कुंकवाचं बोट टेकवलं.

आता काय सांगू! इंजिनाला सोडून कुणीतरी मला सजवलं होतं. मी इतका हरखलो की तो दोरा माझ्या फिरत्या पट्ट्यापासून जेमतेम बोटभर लांब लोंबतोय, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. आलं असतं तरी मी काय करणार होतो म्हणा.

फेरा सुरू झाला. पहिला खड्डा, दगडांची रास, चढ. शिवकन्येने काय चालवली गाडी! डावा हात स्टीअरिंगवर नुसता टेकलेला, आणि चाकं तिच्या मनासारखी वळत होती. कडेची माणसं दोरीशी सरकून बघू लागली. बंकट दोरीबाहेरून पळत पळत ओरडत होता, "शाब्बास! आसंच! आसंच!"

चढावरून उतरताना गाडी आदळली. लिंबू उडालं, दोरा पट्ट्यात गेला. एका झटक्यात तो माझ्या पुलीभोवती गुंडाळला आणि पट्टा निसटून खाली पडला. मी थांबलो. शिवकन्येच्या हातातलं स्टीअरिंग एकदम दगड झालं. तिने दोन्ही हातांनी ओढलं, दात आवळून ओढलं. कुणीतरी बुडत्या माणसाला हात द्यावा आणि ऐन वेळी सोडावा, तसं मी केलं होतं. गाडी ओळीने खुंट्या पाडत गेली आणि बाभळीच्या झुडपात नाक खुपसून थांबली.

आणि मग लोक हसले.

"हात चालत न्हाई तर कशापायी बसायचं गाडीवर?"

"पोरीबाळींचा खेळ हाय व्हय ह्यो!"

कल्याणआप्पा धावत आले. माणूस वाईट नव्हता. शिवकन्येला लागलं नाही ना हे त्यांनी आधी पाहिलं. मग म्हणाले, "पोरी, जिवावर बेतलं असतं. तुझं नाव मी काढून टाकतो. राग मानू नको."

बंकटचा चेहरा उतरला. "पंपानंच दगा दिला आसंल आप्पा," तो म्हणाला.

शिवकन्या हेल्मेट काढत म्हणाली, "न्हाई मामा. गाडीला नावं ठिवू नका. माझाच हात कमी पडला."

मित्रांनो, भंगारात माझ्यावर कुत्रं मुतलं ते परवडलं. पाव्हणे मला मांजर म्हणाले तेही परवडलं. पण माझा दोष तिने आपल्या हातावर घेतला आणि लोकांनी माना डोलावल्या, तेव्हा मला वाटलं, आत्ताच्या आत्ता वितळून जावं. ओरडून सांगावंसं वाटत होतं, अरे, तिचा हात नाही, मी थांबलो, मी! पण पट्ट्याशिवाय मला कण्हतासुद्धा येत नाही.

बंकट गाडी ओढायला ट्रॅक्टर आणि साखळी आणायला गेला. शिवकन्या लांब एका दगडावर पाठ करून बसली. गाडीजवळ आल्या त्या विमलबाई. त्या खाली वाकल्या. माझ्या पुलीवर त्यांचा काळा दोरा, त्यात चिरडलेली अर्धी मिरची.

त्या बघतच राहिल्या. कुंकवाचं बोट अजून माझ्यावर तसंच होतं. मग त्यांनी भराभर तो दोरा उलगडला, मुठीत घेतला आणि मूठ पदराखाली नेली. इकडेतिकडे पाहिलं. कुणाचंच लक्ष नव्हतं. दोरा नाल्यात टाकला असता तर प्रश्न मिटला असता. पोरगी स्वतःचाच दोष मानून बसलीच होती.

त्या नाल्याच्या दिशेने दोन पावलं गेल्यासुद्धा. मग थांबल्या. दगडावर बसलेली शिवकन्या आपला डावा हात उजव्या हाताने चोळत होती, आणि मधूनच त्याला रागाने चापट मारत होती.

विमलबाई वळल्या आणि तरातरा थेट पंचांच्या टेबलाशी गेल्या. सगळ्यांसमोर मूठ उघडली.

"आप्पा, ह्ये बगा. पट्ट्यात ह्ये गेलतं. माझ्या पोरीचा हात न्हाई चुकला, माझा चुकला. म्याच बांधलं व्हतं."

पुन्हा हशा पिकला, पहिल्यापेक्षा मोठा. "मावशी, गाडीला ववाळायचं तेवढं ऱ्हायलं बगा!" कुणी ओरडलं. विमलबाईंचे कान लाल झाले, डोळे भरले. पण मूठ मिटली नाही. "हसा," त्या म्हणाल्या. "मला हसा. लई हसा. पर तिला न्हाई."

कल्याणआप्पा हसले नव्हते. त्यांच्या स्वतःच्या जीपला पुढे हातभर लिंबा-मिरच्यांची माळ लोंबत होती. त्यांनी त्या माळेकडे एकदा पाहिलं, घसा खाकरला आणि ट्रॅक्टर घेऊन आलेल्या बंकटला म्हणाले, "बंकट, पट्टा चढीव. आनखी एक फेरा दिऊ."

ट्रॅक्टरने गाडी झुडपातून ओढली, पट्टा चढला. आदळताना डब्यातलं तेल सांडलं होतं, ते घाईत भरलं, त्यामुळे हवा राहिली, आणि इंजिन सुरू होताच मी अख्ख्या माळाला ऐकू जाईल असा कण्हलो. लोक पुन्हा खिदळले. शिवकन्या माझ्याकडे वाकून म्हणाली, "वरड बाबा, किती वरडायचं ते. फकस्त थांबू नको."

मी थांबलो नाही. खड्डा, दगड, चढ, उतार, सगळीकडे कुंऽऽई कुंऽऽई करत मी माझं तेल ढकलत राहिलो. एकही खुंटी हलली नाही. फेरा पुरा झाला तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मघाचे हसणारेच पुढे होते.

दुसऱ्या दिवशीच्या शर्यतीत आमचा नंबर आला नाही, हेही सांगून टाकतो. पण आता गॅरेजात गिऱ्हाईक समोर असलं तरी किल्ली शिवकन्येच्याच हातात असते.

मला जन्मभर पुरेल असं जे घडलं, ते चाचणीनंतर लगेच घडलं. शिवकन्या गाडीतून उतरली, आईचा हात धरून तिला पुढे घेऊन आली आणि तिचा तळवा माझ्यावर टेकवला. मी चांगलाच तापलो होतो.

"आई, ह्यो माझा डावा हात," ती म्हणाली. "हेला जप. बांधू नको."

विमलबाईंचा तळवा भाजत असणार. तरी त्यांनी तो बराच वेळ उचलला नाही.

मित्रांनो, मी साधा पंप, मी कुणाला काय शिकवणार? पण एक मागणं आहे. कुणाचं काही अडलं, कुणी सगळ्यांसमोर पडलं, तर आधी वाकून आत बघा, मग तोंड उघडा. तिथे कुणाचा तरी पट्टा निसटलेला असतो आणि त्याला सांगता येत नसतं. आणि तुमच्या घरात माझ्यासारखं कण्हणारं काही असेल, यंत्र असो की माणूस, तर त्याला हसण्याआधी डब्यातलं तेल तेवढं बघा. बऱ्याचदा तेवढंच कमी असतं.