तानाबाईचा तुरुंगातला भाऊ

धाड गावच्या तानाबाईला सख्खा भाऊ नव्हता, आणि तरी तिचा भाऊ तीन वर्षांपासून तुरुंगात आहे हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. दोष तिच्या आवाजाचा. मिशनच्या मडमेनं एका रविवारी चर्चमध्ये पत्र वाचून दाखवलं होतं. कुठल्याशा बर्फाच्या देशात पेत्रू नावाच्या पाद्र्याला, उपदेश करतो म्हणून, सरकारनं कोंडलं होतं; मागे घरी बायको आणि दोन लहान पोरी होत्या. त्याच्यासाठी प्रार्थना करा म्हणाली. बाकीच्यांनी महिनाभर केली. तानाबाई हट्टाची. रोज संध्याकाळी ओसरीवर गुडघे टेकून ती अशी ओरडायची, जणू देवाला कमी ऐकू येतं, "बापा, माह्या पेत्रूभावाले सोडव!"

शेजारचे उकंडराव भला माणूस. दर दिवाळीला विचारायचे, "जामीन काऊन होत नाही वो बाई? बुलढान्याले आपला वकील हाये." तानाबाईनं दोनदा समजावलं, मग नाद सोडला. खरं सांगायचं तर, कोणी भावाची चौकशी करतं याचं तिला बरंच वाटायचं.

घोळ झाला चौसष्ट साली, सुलभाच्या सोयरिकीत. विधवा तानाबाईची एकुलती लेक ती, आणि मुलगा तिच्या मनात भरलेला. मुलाचे वडील, जालन्याच्या मिशन दवाखान्यातले कंपाउंडर शंकरराव, बायकोला घेऊन पोरगी पाहायला आले. एसटीतून उतरून त्यांनी घर विचारलं ते नेमकं उकंडरावांना. त्यांनी मोठ्या आपुलकीनं शिफारस केली, "मामा जेलात असला तरी घर लय चांगलं हाये."

पोहे समोर आले तरी शंकररावांनी चमच्याला हात लावला नाही.

"राग मानू नका बाई. तुमचा भाऊ जेलात हाय म्हणं?"

सुलभा दाराआडून खुणावू लागली. आपला कोणी नाही म्हण, संपलं! तानाबाईनं तोंडही उघडलं. पण तीन वर्षं देवाला ज्याला भाऊ म्हणून सांगितलं, तो कंपाउंडरसमोर परका कसा करायचा? लेकीचा संसार डोळ्यांसमोर मोडताना दिसत होता.

"हाये," ती म्हणाली. "माहा भाऊच हाये."

"गुन्हा काय केला?"

"येशूचं नाव घेतलं. सोड म्हनतात, तो सोडत नाही. म्या त्याले पाह्यलं नाही, त्याची बोली मले येत नाही. सोयरीक मोडली तर मोडू द्या, पन तो माहा नाही असं मी कसं म्हनू?"

सुलभानं कपाळावर हात मारून घेतला. शंकरराव चुळबुळत बायकोकडे पाहू लागले. सरस्वतीबाईंनी बशी खाली ठेवली.

"माझ्याकडं काय बघता? पोरीचा मामा म्हणजे आपल्या पोराचा मामेसासरा झाला की," त्या नवऱ्याला म्हणाल्या. मग तानाबाईजवळ सरकून बसल्या. "विहीणबाई, त्याला लेकरं किती हो?"

तीन वर्षांत हे कोणीच विचारलं नव्हतं.

"दोन पोरी," तानाबाई म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.